ग्रामीण साहित्यातला शेतकरी कोण?

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात आमचे शिरवळ येते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच खंडाळा तालुक्यातले. मी चौथीत असताना आम्हाला 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मी पहिलेच वाक्य लिहिले, 'माझे वडील शेतकरी आहेत.' गुरुजींनी लाल शाईने 'शेतकरी' हा शब्द खोडला आणि वर 'शेतमजूर' असे लिहिले. त्यांच्या मनात काही वाईट होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. माझे वडील त्या वेळी एका बागायतदाराकडे सालाने होते. घरी येऊन मी आजीला वही दाखवली. तिला अक्षर येत नव्हते. मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "खोडू दे की. पर उद्या सकाळी बापाच्या मागनं रानात जा आन् बघ, औत कुनाच्या हातात असतंया."

घरातला पहिला पदवीधर होऊन मी आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. ग्रामीण साहित्य ही अभ्यासपत्रिका माझ्याकडे आहे आणि दलित साहित्य हीसुद्धा. या दोन पत्रिका शिकवताना ती लाल रेघ मला वारंवार आठवते. ज्याच्या नावावर जमीन, तो शेतकरी. ज्याच्या हाताला घट्टे, तो मजूर. आणि जो गावकुसाबाहेरचा, तो 'दलित' म्हणून निराळ्या प्रकरणात. आपल्या साहित्यसमीक्षेने हीच वाटणी मान्य केली आहे असे माझे म्हणणे आहे. ग्रामीण साहित्य आणि दलित साहित्य यांच्यामध्ये आपण जी सीमा मानतो ती अनुभूतीची किंवा भाषेची आहे असे सांगितले जाते. मला ती जमिनीच्या मालकीचा बांध वाटते. आणि जो दलितही आहे आणि कसणाराही आहे, तो या बांधावर उभा आहे. अलीकडचे त्याला आपला म्हणत नाहीत, पलीकडचेही म्हणत नाहीत.

सातबाराचा उतारा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्यातला सात नंबर सांगतो, जमीन कोणाची. बारा नंबर सांगतो, तिच्यात पिकले काय. जुन्या बारा नंबरात 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा एक रकाना असे. मालक एक आणि करणारा दुसरा असू शकतो, हे महसूल खात्याला माहीत होते. मराठी समीक्षेला ते माहीत नसावे, अशी तिची वागणूक आहे. तिने सात नंबर वाचला आणि त्यालाच गाव समजली.

हे असेच चालत आले असते तर तक्रार करण्यात अर्थ नव्हता. पण आपल्या परंपरेची सुरुवात अशी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांचे घराणे मूळचे याच जिल्ह्यातल्या कटगुणचे. त्या ग्रंथाच्या आरंभी ते शूद्र शेतकऱ्यांचे भेद सांगतात ते कामावरून : नुसती शेती करणारे ते कुळवाडी, शेतीबरोबर बागाईत करणारे ते माळी, मेंढरे-बकरी राखणारे ते धनगर. या तिघांत महार-मांग नाहीत, हे खरे. पण मोजण्याचे माप पाहा. मालकीची नोंद कोणाच्या नावे, हे ते विचारत नाहीत. तो माणूस करतो काय, हे विचारतात. या मापाने मोजले तर माझ्या बापाचे नाव खोडता येत नाही. शिवाय शूद्र आणि अतिशूद्र हे दोन शब्द एका दमात उच्चारणारा विचारवंत म्हणजे जोतीराव. पुढच्या साहित्याने त्यांतला पहिला शब्द उचलला आणि दुसरा जागच्या जागी सोडून दिला.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. मराठी खेड्याची एवढी बारीक माहिती दुसऱ्या कोणी जमवली नाही, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. बलुतेदार कोण, आलुतेदार कोण, खळ्यावर कोणाला काय मिळते, सर्व त्यात आहे. परंतु लेखकाची सहानुभूती कुणब्याकडे आहे आणि खळ्यावर हात पसरणाऱ्यांची रांग त्याला कुणब्यावरचा भार वाटते. ग्रामीण साहित्यावर लिहिणाऱ्यांनी पुढे ही नजर जशीच्या तशी घेतली. बलुते म्हणजे गावाने गावकामगाराला दिलेली भाकरी, ही कल्पना तिथे पक्की झाली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. ती मी वर्गात दरवर्षी प्रेमाने शिकवतो. शेकूला औताला एकच बैल उरतो, तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जुवाला लागते. हा प्रसंग वाचताना वर्ग गप्प होतो. माडगूळकरांच्या नजरेत खोट नाही. 'माणदेशी माणसं' मधला धर्मा रामोशी त्यांनी ज्या मायेने पाहिला ती माया उसनी नव्हे. प्रश्न आहे तो समीक्षकांचा. दुष्काळात बनगरवाडी उठते, माणसे मेंढरे घेऊन देशोधडीला लागतात, आणि समीक्षक लिहितो की एक गाव नाहीसे झाले. ठीक. पण महारवाडे तर पिढ्यान्‌पिढ्या उठत होते. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या कामावर माणसे जात होती; दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) धामणगाव सोडून कावाखान्यात आलेली वस्ती आहे. तेव्हा गाव नाहीसे झाले असे कोणी का लिहिले नाही? धनगर उठला तर गाव उठले आणि महार उठला तर तो 'शहरी दलित जीवनाचा' विषय झाला, हे कोणते शास्त्र?

आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) हे या म्हणण्याला उत्तर आहे, असे कोणी म्हणेल. कारण तिचा निवेदक नारबा भूमिहीन आहे, सालगडी आहे. माझा बाप जे करत होता तेच तो करतो. मळ्यावरची जनावरे हेच त्याचे गोत. मग मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे जातात आणि नारबा एकाकी होतो. कादंबरी थोर आहे. कागलकडची बोली तिने ज्या ताकदीने वापरली तशी फार थोड्यांनी वापरली. पण तिच्याविषयी जे लिहिले गेले ते पाहा. यंत्र आणि निसर्ग, माणूस आणि जनावर, जुने आणि नवे, अशा जोड्या लावून समीक्षक मोकळे झाले. नारबाचे साल किती ठरले होते? ट्रॅक्टर आल्यावर त्याला देणे काय लागत होते? ज्या रानात त्याने जन्म घातला त्यावर त्याचा काडीचा हक्क नाही, ही गोष्ट शोकांतिकेत धरायची की नाही? माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे तिन्ही प्रश्न एका तासात विचारले. तिची आई खुरपणीला जाते. परीक्षेत मात्र तिने यंत्र आणि निसर्ग असेच उत्तर लिहिले, कारण मार्गदर्शकात तेच होते. त्या उत्तराला मीच गुण दिले. या दोषात मीही वाटेकरी आहे.

आता त्याच मातीतला दुसरा लेखक घेऊ. शंकरराव खरात आटपाडीचे. माडगूळ त्याच तालुक्यातले. म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याने मराठीला दोन मोठे लेखक दिले, आणि १९८३ साली अंबाजोगाईला माडगूळकर, १९८४ साली जळगावला खरात, असे लागोपाठ दोघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी आपल्या अभ्यासक्रमात हे दोघे एका वर्गात बसत नाहीत. एक ग्रामीण, दुसरा दलित. खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मध्ये एक विहीर आहे. तिच्यात प्रेत तरंगते आहे. गावकामाची पाळी म्हणून लेखकाचा बाप त्याची राखण करतो आणि शेवटी पोलिसांच्या धाकाने त्यालाच आत उतरावे लागते. ग्रामीण कवितेतली विहीर आठवा : पहाटेची मोट, कुरकुरणारे चाक, पाटाने धावणारे पाणी. विहीर एकच. एकाला ती पाणी देते. दुसऱ्याने एरवी तिला शिवायचे नाही, मात्र मेलेला माणूस काढायला त्यानेच उतरायचे. या दोन विहिरी शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय माणदेशची शेती कळली असे म्हणता येणार नाही. पाणी कोणाच्या रानाला जाते हा शेतीचाच प्रश्न आहे, आणि पाणी कोणी शिवायचे हाही शेतीचाच प्रश्न आहे.

बलुत्याचेही तसेच. ग्रामीण समीक्षेने बलुत्याकडे गावाच्या एकोप्याची खूण म्हणून पाहिले. आपण दलित लेखकांनी त्याकडे अपमानाची खूण म्हणून पाहिले, आणि ते योग्यच होते. घुंगरांची काठी हातात घेऊन भाकरी मागत फिरलेल्या माणसांची आपण नातवंडे आहोत. पण या दोन्ही वाचनांत एक गोष्ट राहून गेली. बलुते ही मजुरी होती. वर्षभर राबवून घेऊन सुगीला दिलेली, भाव न ठरवलेली, देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली मजुरी. सीमेच्या भांडणात बांध दाखवायचा तो महाराने, सारा भरायला माणसे बोलवायची ती महाराने, खळे राखायचे ते त्याने, मेलेला बैल ओढायचा तोही त्यानेच. कासरा, नाडा, सोल वळायचा मांगाने. दोराशिवाय मोट चालत नाही आणि मोटेशिवाय मळा होत नाही. या माणसांना शेतीच्या बाहेरचे ठरवणे म्हणजे गाडीचे चाक गाडीचे नव्हे असे म्हणण्यासारखे आहे.

हे ज्याला पुरते उमगले होते तो वाटेगावचा अण्णा भाऊ साठे. 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत मांगवाडा उपाशी मरू लागतो आणि फकिरा धान्याचे कोठार लुटतो. आपण या प्रसंगाला बंड म्हणतो, शौर्य म्हणतो. ते आहेच. पण मला त्यात हिशेबही दिसतो. ज्यांचे श्रम त्या धान्यात मुरलेले आहेत त्यांनी आपले बलुते स्वतः मोजून घेतले. अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ती ग्रामीण कादंबरी आहे की दलित कादंबरी, यावर आमच्याकडे चर्चासत्रे भरतात. वारणेच्या खोऱ्यातल्या भुकेची ती कादंबरी आहे. एवढे समजल्यावर कप्प्याची गरज उरत नाही.

आतापर्यंत मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता आपल्याविषयी बोलले पाहिजे, आणि ते बोलणे कित्येकांना रुचणार नाही. दलित साहित्याने गाव नाकारले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते आपल्या हाडात उतरलेले आहेत. पण गाव नाकारताना आपण शेतही नाकारले की काय, असा मला प्रश्न पडतो. आपल्या आत्मकथनांत उकिरडा आहे, पाणवठा आहे, चावडी आहे, शाळेची पायरी आहे. पण आपल्या माणसाला माती कळते, पाऊस कोणत्या नक्षत्राचा कामाचा हे कळते, पाभर धरताना मूठ कशी सोडायची हे कळते, हे आपण किती वेळा लिहिले? आपण त्याच्या जखमा लिहिल्या, त्याचे ज्ञान लिहिले नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातल्या बायकांचे कष्ट आणि उपास आहेत. पुरंदरमधले वीरगाव त्यांचे माहेर, फलटण सासर. म्हणजे नीरेच्या काठची ही बाई. त्या पुस्तकावर आपण जातीच्या अंगाने पुष्कळ लिहिले, स्त्रीच्या दास्याच्या अंगानेही लिहिले. पण रानात राबणारी बाई म्हणून त्या बायकांकडे समीक्षक वळले नाहीत.

बाबासाहेबांचे नाव सांगून शेतीकडे पाठ फिरवता येणार नाही, कारण त्यांनी स्वतः कधी फिरवली नाही. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडा लहान आहे हा रोग नसून भांडवल नाही आणि जमिनीवर माणसांचा बोजा जास्त आहे हा रोग आहे, आणि उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे, असे त्यांनी मांडले. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे बिल आणले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबी होते आणि महारही होते. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जातपात न पाहता गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीने कसावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी योजना त्यांनी दिली. त्यांच्यामागे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले; हजारो माणसे तुरुंगात गेली. एवढ्या मोठ्या लढ्यावर एक थोर मराठी कादंबरी मला वर्गात दाखवता येत नाही.

हा प्रश्न माझ्या घरात येऊन बसला आहे म्हणून मी इतक्या तळमळीने लिहितो आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नवीन अविभाज्य शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. माझ्या आजोबांनी ते पैसे भरले. त्या जमिनीची आज एकतीस गुंठे शिल्लक आहे आणि सातबारावर सतरा नावे आहेत. थोरले चुलते ती कसतात : पावसाळ्यात बाजरी, ओल राहिली तर हरभरा. वीर धरणाचा फुगवटा आमच्या भागात येतो, त्याचे पाणी उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे जाते. आमचे ते रान कोरडेच राहिले. परिसरात कारखाने आले तसे गुंठ्याला भाव आला. आता एजंट चकरा मारतो. त्याच्याजवळ विसारपावती तयार आहे, कुलमुखत्यारपत्राचा मसुदा तयार आहे, परवानगीचे आम्ही बघतो असे तो म्हणतो. माझे चुलतभाऊ एका कारखान्यात कंत्राटावर आहेत. त्यांना विकायचे आहे. त्यांचे म्हणणे खोटे कसे म्हणू? बाजरीवर मुलांची फी भागत नाही. १९१८ चा निबंध त्यांच्या बाजूने उभा राहील असेही वाटते. पण दर काही महिन्यांनी तुटणारे कंत्राट हा त्या निबंधातला उद्योग नव्हे, हेही मला कळते. चुलते मात्र ऐकत नाहीत. "ही म्हारकी न्हाई, ही आपली रानं हाईत," एवढेच म्हणतात. आजोबांनी ज्या दिवशी पैसे भरले, त्या दिवशी म्हारकी संपली आणि शेती सुरू झाली, असा त्यांचा हिशेब आहे.

गेल्या दिवाळीत सगळे जमले होते. माझी सही अजून झालेली नाही. चुलत्यांनी मला सगळ्यांदेखत विचारले, "तू यवढी बुकं शिकवतुयास, ह्यातल्या कुठल्या बुकात आपल्यावानी मानूस हाय का? त्यानं काय केलं, ते तरी सांग." मी गप्प बसलो. 'बनगरवाडी', 'गोतावळा', 'बलुतं', 'तराळ-अंतराळ' ही सर्व पुस्तके मनातून चाळली. जमीन गमावणारा कुणबी होता, गाव सोडणारा महार होता. वतनातून सुटलेली जमीन शेतकरी म्हणून कसणारा, ती धरावी की सोडावी या पेचात पडलेला माणूस मला सापडला नाही.

म्हणून माझे समीक्षक मित्रांना सांगणे आहे. यापुढे कोणतीही ग्रामीण कलाकृती हाती घेतली की तिला पहिला प्रश्न हा विचारावा : इथे कसतो कोण, खुरपतो कोण, आणि रास कोणाच्या घरी जाते? कोणतीही दलित कलाकृती हाती घेतली की तिलाही हेच विचारावे. ग्रामीण आणि दलित या दोन पत्रिका वेगळ्या राहिल्या तरी चालतील, पण माडगूळकर आणि खरात एका तासाला एकत्र शिकवले पाहिजेत. आणि आपल्या लिहिणाऱ्यांना सांगणे आहे की गावाचा नकार आपण पुरेसा लिहिला. आता आपल्या रानाचे लिहा. कोणत्या कागदाने ते मिळाले, कोणत्या कागदाने जाते आहे, त्यात काय पिकते आणि ते पिकवणाऱ्या बाईचे नाव कोणत्या रकान्यात आहे, ते लिहा. माझ्या आईचे नाव सातबारावर वडील वारल्यावर, वारस म्हणून चढले. त्याआधी पस्तीस वर्षे ती त्याच रानात खुरपत होती.

त्या मुलीला मी या वर्षी 'गोतावळा'वर पुन्हा निबंध लिहायला सांगितला आहे, मार्गदर्शक न पाहता. तिने विचारले, "सर, सालाचा हिशेब लिहिला तर चालेल का?" चालेल, असे मी सांगितले आहे.